पेशी ४८० वरून ४१०: गोळी लागू होत नाही का?

प्रश्न : माझे मिस्टर दोन वर्षांपासून एचआयव्हीसाठी एआरटी (उपचार) सेंटरची टीएलडी ही तीन औषधांची एकत्र गोळी रोज रात्री घेतात. मागच्या वेळी सीडी४ पेशी ४८० होत्या, आता ४१० आल्या. रक्त दिलं तेव्हा अंगात कणकण होती. व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) ‘आढळला नाही’ असा आहे. थकवा येतो म्हणून लोहाची गोळीही सोबतच घेतात. कापूस वेचणीत कधी गोळी राहून जाते.
– एक भगिनी, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, गोळी लागू आहे. ते व्हायरल लोडवरून कळतं, पेशींवरून नाही. सीडी४ या रोगप्रतिकारक पेशींचा आकडा सकाळी कमी, संध्याकाळी जास्त भरतो आणि साध्या तापातही उतरतो. रिपोर्टवर टक्केवारी दिली असेल तर ती पाहा. २,००० लिम्फोसाइटमध्ये (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, सीडी४ त्यातल्याच) ४८० म्हणजे २४ टक्के. १,७०० मध्ये ४१० म्हणजेही २४च. टक्के जागेवर असले तर काळजी नको.

सीडी४ म्हणजे टोळीचा मुकादम, बाकीच्या पेशींना कामाला लावणारा. विषाणू नेमका त्यालाच धरतो. लागणीनंतर काही आठवड्यांतच आतड्याच्या अस्तरातल्या सीडी४ पेशी मोठ्या संख्येने मरतात. सीडी८ पेशी बाधित पेशींना मारून विषाणू खाली आणतात, पण संपवू शकत नाहीत. वर्षानुवर्षं झुंजून त्याही थकतात. औषधाविना साधारण ८ ते १० वर्षांत एड्सची अवस्था येते. गोळीने विषाणूची वाढ थांबते, तरी काही सीडी४ पेशींत तो दडून राहतो. गोळी बंद केली की काही आठवड्यांत पुन्हा उसळतो.

खरी गडबड लोहाच्या गोळीची. टीएलडीतलं डोल्युटेग्राविर लोहाला बांधलं जातं, मग रक्तात कमी उतरतं. जेवणासोबत दोन्ही एकदम चालतात. रिकाम्या पोटी मात्र टीएलडी लोहाच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यावी. कॅल्शियमचंही तसंच. अॅसिडिटीच्या पातळ औषधाला जेवणाची सवलत नाही, तिथे हे अंतर पाळायचंच. गोळी राहिली तर आठवताच घ्यावी. दुसऱ्या दिवशी दोन नकोत.

कणकण अजून असेल, किंवा खोकला (दोन दिवसांचा का असेना), रात्री घाम, वजनात घट असेल, तर क्षयाची तपासणी करून घ्या. ४१० पेशींवरही क्षय होतो. त्यासाठी रिफाम्पिसिन सुरू झालं, तर टीएलडीनंतर १२ तासांनी डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅमची जादा गोळी लागते. ती सेंटरवर मागून घ्या.