धगीपासून वीज : वाचकांच्या शंका

प्रश्न : उद्यमबागेत आमची लहान फौंड्री आहे. साच्यांत वितळलेल्या धातूचा रस ओतताना जो लखलखीत उजेड आणि धग बाहेर पडते, तिच्यापासून नॅनो रचनेच्या पृष्ठभागांच्या साहाय्याने वीज करता येते, असे वाचनात आले. छपरावरचे सौर पॅनेलच भट्टीसमोर ठेवले तर चालणार नाही काय?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : छपरावरचे पॅनेल तेथे तापेल पुष्कळ, वीज मात्र नावापुरती देईल. पॅनेलमधल्या सिलिकॉनच्या सेलला सुमारे १,१०० नॅनोमीटरपर्यंतच्या (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) तरंगलांबीचाच प्रकाश उपयोगी पडतो; त्याहून लांब लहरींत सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन मोकळा करण्याइतकी ऊर्जाच नसते. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस तापमानाचा असल्यामुळे त्याच्या प्रारणाचा, म्हणजे त्यातून बाहेर पडणाऱ्या प्रकाश-उष्णतेच्या लहरींचा भर ५०० नॅनोमीटरच्या आसपास असतो, तर आपला रस १,४०० अंशांचा धरला तरी त्याचा भर १,७०० नॅनोमीटरच्या आसपास पडतो. डोळे दिपवणारा उजेड हा त्या प्रारणाचा अगदी लहान हिस्सा असून बाकीचे बहुतेक सारे अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे असते.

यासाठी प्रथम सेल बदलावी लागते. उदाहरणार्थ, गॅलियम अँटिमोनाइड या अर्धवाहक संयुगाची सेल सुमारे १,७०० नॅनोमीटरपर्यंतचे प्रारण वापरू शकते. त्यानंतर नॅनो पृष्ठभागाचे काम सुरू होते. टंगस्टनच्या पत्र्यावर एक मायक्रोमीटरहून थोड्या कमी-अधिक रुंदीची छिद्रे ओळीने पाडली, तर छिद्राच्या रुंदीच्या साधारण दुपटीहून लांब लहरींना त्यांत थारा मिळत नाही. परिणामी पत्रा तापला की सेलला उपयोगी पडणाऱ्या आखूड लहरी भरपूर सोडतो आणि निरुपयोगी लांब लहरी बऱ्याच अंशी दाबून धरतो. असा पृष्ठभाग नवी ऊर्जा निर्माण करीत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. त्याचे काम निवड करण्याचे, आणि विक्रीच्या जाहिरातींत नेमके हेच गाळले जाते.

अमेरिकेतील एमआयटी संस्थेत २०१४ मध्ये कार्बन नॅनोनलिकांचा (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचा) उष्णता शोषणारा पृष्ठभाग एका बाजूस आणि सिलिकॉन व सिलिकाचे पातळ थर दुसऱ्या बाजूस, अशी रचना करून सूर्यप्रकाशापासून या मार्गाने ३.२ टक्के कार्यक्षमता मिळाली. २०२२ मध्ये तेथील संशोधकांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेच्या सहकार्याने ४० टक्क्यांपर्यंत मजल मारली. पण तेथे उष्णता देणारा पृष्ठभाग १,९०० ते २,४०० अंशांचा होता आणि निरुपयोगी प्रारण परतवण्याचे काम सेलच्या पाठीवरचा आरसा करीत होता. हे यश एक चौरस सेंटीमीटरच्या आसपासच्या सेलवरचे आहे. फौंड्रीतल्या उघड्या हवेत तापलेले टंगस्टन ऑक्सिजनशी संयोग पावून खराब होते, दीर्घकाळच्या तापाने बारीक छिद्रांच्या कडा बोथट होत जातात, धूर आणि धूळ सेलवर बसतात, आणि रस ओतण्याचे काम तर अधूनमधूनच चालते. म्हणून आज तरी भट्टीची वाया जाणारी उष्णता भंगार आणि लाडल (रस वाहून नेण्याचे भांडे) आधी तापवण्यासाठी वापरणे हेच आम्हांला शहाणपणाचे वाटते.

प्रश्न : आमच्या गुऱ्हाळाच्या चुलवणाच्या धुराड्यावर असे काही बसवता येईल का?
– एक शेतकरी वाचक, खानापूर तालुका

उत्तर : धुराड्यातला वायू सुमारे ६०० अंशांचा असला, तरी त्या तापमानाच्या प्रारणाचा भर ३,३०० नॅनोमीटरच्या आसपास जातो; तेव्हा वरची पद्धत सोडून द्यावी. दोन बाजूंच्या तापमानातील फरकापासून वीज होते, हा परिणाम जर्मन शास्त्रज्ञ झेबेक यांनी १८२१ मध्ये नोंदवला होता, आणि त्यावर चालणारे बिस्मथ टेल्युराइड या संयुगाचे तुकडे आज मिळतात. फरक २०० अंशांचा असला तरी त्यांची कार्यक्षमता पाच टक्क्यांच्या घरात राहते. अडचण अशी की विजेचे चांगले वाहक बहुधा उष्णतेचेही चांगले वाहक असतात, आणि मग दोन बाजूंतला फरक टिकत नाही. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात खडबडीत पृष्ठभागाच्या सिलिकॉनच्या नॅनोतारांमध्ये (अतिसूक्ष्म तारांमध्ये) उष्णतेचे वहन सुमारे शंभर पटींनी घटल्याचे आढळले, कारण उष्णता वाहणारी कंपने त्या खडबडीत कडांवर विखुरतात आणि इलेक्ट्रॉन तुलनेने सुखरूप पार होतात. अशा तारांचे मोठे आणि स्वस्त तुकडे मात्र बाजारात नाहीत. रात्रीच्या आदणासाठी चार एलईडी दिवे पेटवण्यापुरती वीज आजच्या तुकड्यांवरही मिळू शकेल, पण त्यांची थंड बाजू पाण्याने गार ठेवावी लागेल. त्याऐवजी त्याच उष्णतेने चिपाडे वाळवली आणि रस काहिलीत पडण्यापूर्वी कोमट केला, तर जळणात होणारी बचत विजेच्या मोलाहून कितीतरी अधिक भरेल.

प्रश्न : घरावरच्या सौर पॅनेलला नॅनो लेप दिल्यास उत्पादन तीस टक्क्यांनी वाढते, असे एक विक्रेता सांगतो. खरे मानावे का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : मानू नये. साधी काच समोरून आलेल्या प्रकाशापैकी प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे चार टक्केच परतवते, त्यामुळे लेपाने वाचण्यासारखे तेवढेच असते. शिवाय सिलिकॉनवर सुमारे ७५ नॅनोमीटर जाडीचा परावर्तनरोधक थर कारखान्यातच दिलेला असतो, पॅनेल निळसर दिसते ते त्यामुळेच. २५ अंशांच्या वर तापमान जसजसे चढते, तसतसे पॅनेल दर अंशामागे ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन गमावते, म्हणून लेपावर खर्च करण्याआधी पॅनेल आणि छपराच्या मध्ये वारा खेळेल एवढी जागा आहे का, ते पाहावे.