सोडियम इतकं सावकाश का चढवतात?

प्रश्न : सासूबाई (वय ७४) दोन दिवस असंबद्ध बोलत होत्या. आम्हांला वाटलं, वयामुळे असेल. दवाखान्यात सोडियम ११२ निघालं. डॉक्टर म्हणतात, दिवसाला आठपेक्षा जास्त वाढू द्यायचं नाही. कमी आहे, तर एकदम भरून का काढत नाहीत?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न वाचून आई आठवली. बीपीच्या गोळीनं तिचं सोडियम ११५ वर उतरलं होतं. मी तीस वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवलेलं, पण तिच्या खाटेशी बसल्यावर मलाही वाटायचं, लवकर चढवा हो.

रक्तातलं सोडियम १३५ ते १४५ हवं. ते घसरलं की पाणी मेंदूच्या पेशींत शिरतं. जास्त फुगतात त्या ॲस्ट्रोसाइट, म्हणजे चेतापेशींना सांभाळणाऱ्या ताराकृती पेशी. रक्तवाहिन्यांना वेढणाऱ्या त्यांच्या टोकांवर ॲक्वापोरिन-४ ही पाण्याची दारं दाटीनं असतात. मनुका भिजली की फुगलेलीच राहते. ही पेशी मात्र आपणहून ओसरते, याचं मला आजही नवल वाटतं. आधी ती पोटॅशियम आणि क्लोराइड बाहेर सोडते, त्यांच्यामागोमाग पाणी जातं. हे मिनिटांत सुरू होतं. तेवढ्यानं भागत नाही म्हणून पुढच्या एक-दोन दिवसांत टॉरिन, मायो-इनोसिटॉल, ग्लुटामेट अशा लहान रेणूंचे घरचे साठेही काढून देते. क्लोराइड आणि टॉरिन ज्या वाटेनं जातात तिचं प्रथिन, एलआरआरसी८ए, २०१४ मध्ये सापडलं. तोवर मी निवृत्त झाले होते. वर्गात दरवर्षी ‘अजून सापडलेलं नाही’ असंच सांगत आले.

म्हणजे सासूबाईंच्या पेशी बऱ्याचशा मूळ आकारावर आल्या असतील, पण साठे रिते करून. आता रक्तातलं सोडियम एकदम वाढलं तर पाणी सुटून त्या आक्रसतील, आणि साठे पुन्हा भरायला कित्येक दिवस लागतात. तेवढ्यात ॲस्ट्रोसाइट मरतात, मग मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण गळतं, विशेषतः मेंदूच्या खोडातल्या पॉन्स या भागात. हा आजार १९५९ मध्ये प्रथम नोंदला गेला. बोलणं, गिळणं, हातपाय हलवणं जाऊ शकतं, आणि तेही सोडियम सुधारल्यावर काही दिवसांनी, घरचे निर्धास्त झाल्यावर.

झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तीव्र, म्हणजे जास्त मिठाचं, सलाइन देऊन पहिले चार-सहा अंक काही तासांत वाढवतात. दिवसाची मर्यादा मात्र पाळतात.

दर काही तासांनी रक्त घेतात, ते बघवत नाही. तरी नको म्हणू नका. आणि त्यांच्या गोळ्यांची पिशवी डॉक्टरांना दाखवलीत का? बीपीच्या गोळीवर हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोर्थॅलिडोन लिहिलेलं असेल, तर आजच सांगा.