तारे देऊनही वर्ग दोन आठवड्यांत पुन्हा गोंधळ घालू लागला, तर वर्तनवाद वापरताना काय चुकलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: बडोद्याच्या शाळेत पाचवीचा वर्ग, पटावर ४४ मुलं. बी.एड.ला शिकलेला स्किनर (ज्याच्या परिणामी बक्षीस मिळतं ते वर्तन वाढतं, असं मांडणारा वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ) आठवून भिंतीवर ताऱ्यांचा तक्ता लावला. दोन आठवडे वर्ग सुधारला, मग पुन्हा ‘बेन, हुं कहुं! बेन, हुं कहुं!’ (बाई, मी सांगू!) असा कल्ला सुरू झाला आणि आता मुलं वही उघडायच्या आधीच ‘किती स्टार?’ विचारतात.

तुमच्या वर्गातलं सर्वांत जोरदार बक्षीस तुमचं लक्ष आहे आणि ते बहुधा ओरडणाऱ्या मुलांच्या वाट्याला जातंय. ताऱ्यांचं गणित त्यानंतर येतं.

१९६८ साली मॅडसन, बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पहिलीच्या वर्गात एक साधी गोष्ट तपासली. जागेवरून उठणाऱ्या मुलांना ‘खाली बसा’ असं शिक्षिकांनी जास्त वेळा सांगायला सुरुवात केली, तेव्हा उठणारी मुलं वाढली. बसून काम करणाऱ्यांचं कौतुक सुरू झालं, तेव्हा ती कमी झाली. कारण समजून घेण्यासारखं आहे. ‘बस खाली’ म्हटल्यावर मूल त्या क्षणी बसतं, त्यामुळे शिक्षकाला वाटतं की उपाय चालला. गोंगाट थांबल्याची ती सुटका शिक्षकासाठी ऋण प्रबलन असते, म्हणजे त्रास टळल्यामुळे वर्तन वाढणं, म्हणून तो पुढच्या वेळी आणखी लवकर ओरडतो. मुलाला मात्र उठल्याबद्दल बेननी नाव घेतलं, सगळ्या वर्गानं वळून पाहिलं. दोघंही एकमेकांना शिकवत राहतात आणि तासागणिक आवाज चढत जातो. बक्षीस कोणतं हे आपण ठरवत नाही. ज्यानंतर वर्तन वाढतं ते प्रबलन, मग ते रागावणं का असेना.

म्हणून आधी मोजा. ‘दंगा’ किंवा ‘बेशिस्त’ मोजता येत नाही. ‘नाव पुकारलं नसताना मोठ्यानं उत्तर देणं’ मोजता येतं. एकच वर्तन निवडा, एकच तास निवडा आणि पाच दिवस काहीही न बदलता हजेरीपटाच्या मागच्या कागदावर रेघा ओढा. ‘कामात नसणं’ मोजायचं असेल तर ४४ मुलांवर सतत नजर ठेवणं अशक्य आहे. त्याऐवजी दर दोन मिनिटांनी डावीकडून उजवीकडे एकदा बघून त्या क्षणी किती मुलं कामात नाहीत तेवढा आकडा लिहा. ३५ मिनिटांच्या तासात असे १७ आकडे मिळतात, त्यांची सरासरी पुरते. शेजारी तीन रकाने करा: आधी काय घडलं, मुलानं काय केलं, लगेच नंतर काय झालं. तिसऱ्या रकान्यात स्वतःची प्रतिक्रियाही प्रामाणिकपणे लिहा. नवरात्राच्या किंवा उत्तरायणाच्या (संक्रांतीच्या पतंगांच्या सणाच्या) आठवड्यात ही मोजणी करू नका. रात्री गरब्याला जागलेली मुलं सकाळी वेगळीच असतात, त्या आकड्यांशी पुढे कशाचीच तुलना होणार नाही.

बहुतेक वर्गांत या कागदावर दिसतं की ओरडणं सुरू होतं ते ‘कोण सांगेल?’ या प्रश्नानंतर. तो प्रश्नच ओरडायचं आमंत्रण आहे. तेव्हा आधीची परिस्थिती बदला. ‘हात वर करा’ असं आधी सांगा, मग प्रश्न विचारा, मग निदान तीन सेकंद गप्प थांबा आणि मगच नाव घ्या. नाव आधी घेतलंत तर उरलेली ४३ मुलं विचार करणं सोडतात.

हात वर करून थांबलेल्या मुलाला लगेच, दोन-तीन सेकंदांच्या आत, काय बरोबर केलं ते सांगा: ‘हात वर करून थांबलीस, म्हणून तुला विचारलं.’ नुसतं ‘शाबास’ म्हटलं तर शाबासकी कशाबद्दल हे मुलाला कळत नाही. पहिला आठवडा शक्यतो दर वेळी म्हणा. दुसऱ्या आठवड्यात साधारण तीनातून एकदा, पण ठरावीक क्रमानं नको: कधी लागोपाठ दोनदा, कधी पाचव्या वेळी. नंतर आणखी विरळ. अनियमित अंतरानं मिळालेलं प्रबलन थांबल्यावरही वर्तन बराच काळ टिकतं. रोज ठरल्या वेळी मिळणारं बक्षीस बंद झालं की दुसऱ्याच दिवशी लक्षात येतं. तुमचे तारे माझ्या मते इथेच अडकले, ते विरळ करण्याची काही योजनाच नव्हती. उलट, एकदम फार विरळ केलंत तरी वर्तन कोसळतं, म्हणून आकडे बघत बघत पुढे जा.

ओरडून दिलेल्या उत्तराकडे पूर्ण दुर्लक्ष: नजर नाही, उसासा नाही, ‘मी ऐकलं नाही हं’ सुद्धा नाही. पहिल्या काही दिवसांत ओरडणं वाढू शकतं. विलोपनात, म्हणजे प्रबलन बंद करून वर्तन विझवताना, असं बरेचदा होतं, आणि इथेच बहुतेक शिक्षक माघार घेतात. चौथ्या हाकेला ‘बरं, सांग’ म्हटलंत तर चार वेळा ओरडायचं हेच शिकवलंत. नुसत्या दुर्लक्षानंही भागत नाही. मॅडसन, बेकर यांच्याच १९६८ मधल्या दुसऱ्या अभ्यासात केवळ नियम सांगून फारसा फरक पडला नाही, एकट्या दुर्लक्षानंही नाही. चांगल्या वर्तनाचं कौतुक आणि नकोशा वर्तनाकडे दुर्लक्ष, ही जोडी चालली.

मारामारी, चिडवणं, पेनाचं टोक टोचणं, यांकडे दुर्लक्ष करायचं नाही, लगेच थांबवायचं. आणि मूल तुमच्यासाठी नव्हे तर मित्रांच्या हसण्यासाठी करत असेल, तर तुमच्या दुर्लक्षाला अर्थच उरत नाही. तिथे गटाचा खेळ उपयोगी पडतो. बॅरिश, सॉंडर्स आणि वुल्फ यांनी १९६९ साली चौथीच्या वर्गात तो मांडला: वर्गाचे दोन गट, नियम मोडला की त्या गटाच्या नावे फळ्यावर एक खूण. ठरलेल्या मर्यादेच्या आत राहिले तर दोन्ही गट जिंकतात. रोज दहा मिनिटांनी सुरुवात करा आणि पहिली मर्यादा मोजणीच्या सरासरीपेक्षा थोडीच कमी ठेवा. एखादं मूल मुद्दाम गटाला हरवत असेल तर त्याचा वेगळा गट करा. नाहीतर बाकीची मुलं मधल्या सुट्टीत त्याच्यावर राग काढतील. बक्षीस विकत आणू नका. प्रेमॅकनं १९५९ मध्ये दाखवलं की जे करायला आवडतं ते, कमी आवडीच्या कामाचं प्रबलन होऊ शकतं. शेवटची पाच मिनिटं टाळ्यांवर गरब्याची पावलं, पतंगाचं चित्र किंवा आधी रांग लावण्याचा मान पुरेसा असतो.

वर्गाबाहेर उभं करण्याबद्दल एकच सांगते. ज्याला भागाकार नको आहे, त्याला बाहेर जाणं म्हणजे सुटका. पुढच्या भागाकाराला तो पुन्हा तेच करेल. मारणं किंवा अपमान करणं तर शिक्षणाच्या हक्काच्या २००९ च्या कायद्यातल्या कलम १७ नं निषिद्धच आहे.

शिस्तीपेक्षाही मला या विचाराचा उपयोग शिकवण्यात जास्त वाटतो. स्किनरनं १९५३ मध्ये आपल्या मुलीच्या गणिताच्या तासाला बसून पाहिलं, की सगळी मुलं एकाच वेगानं ओढली जातात आणि उत्तर बरोबर आलं की नाही हे त्यांना फार उशिरा कळतं. तुमच्या वर्गात वह्या तपासून दुसऱ्या दिवशी परत जात असतील, तर तीच अडचण आहे. प्रत्येकाला पाटी द्या. प्रश्न, २० सेकंद, ‘दाखवा’. ४४ उत्तरं एकदम दिसतात. दहातली आठ बरोबर नसतील तर पायरी मोठी झाली, ती फोडा. अपूर्णांकांची बेरीज शिकवताना पहिलं उदाहरण पूर्ण सोडवलेलं द्या, दुसऱ्यात फक्त शेवटची पायरी रिकामी, तिसऱ्यात शेवटच्या दोन, असं मागून पुढे या.

कौतुकाची सवय नसेल तर सूक्ष्म अध्यापनाचं (एकेक कौशल्य छोट्या पाठात घोटण्याचं) चक्र आठवा: ६ मिनिटं पाठ, ६ प्रत्याभरण (पाठ कसा झाला ते सांगणं), १२ पुनर्नियोजन, ६ पुन्हा पाठ, ६ पुन्हा प्रत्याभरण. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात या पद्धतीवर पुष्कळ काम झालं आहे. प्रबलन हे त्यातलं एक कौशल्य, सहकाऱ्यासमोर ते घोटून घेता येतं.

दोन ठिकाणी मात्र बक्षीस देऊ नका. मुलं आपणहून आनंदानं करतात तिथे: १९७३ च्या लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांच्या अभ्यासात चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना आधी कबूल करून प्रमाणपत्र दिलं, तर नंतर ती चित्रांकडे बक्षीस न मिळालेल्या मुलांच्या जवळपास निम्माच वेळ फिरकली. म्हणून वाचनाच्या कोपऱ्यात तारे नकोत. दुसरं, जिथे मुलाला ते येतच नाही. घरी मराठी, गल्लीत गुजराती, पुस्तकात इंग्रजी, अशा मुलाचं गप्प बसणं भाषेमुळे असू शकतं, फळा दिसत नसल्यामुळेही असू शकतं. तारा दिल्यानं शब्द समजत नाही.

लावलेला तक्ता एकदम फाडू नका आणि मिळालेले तारे शिक्षा म्हणून कापू नका. या शनिवारी प्रत्येकाचे तारे जमेस धरून काहीतरी आवडीचं करू द्या आणि हिशेब संपवा. सोमवारपासून पाच दिवस फक्त रेघा, त्याच्या पुढच्या सोमवारी एकच नियम आणि शब्दांतलं कौतुक. दोन आठवड्यांत आकडा हलला नाही, तर प्रबलन बदला आणि तिसरा रकाना पुन्हा वाचा.