पॅटनचा टरेट गुळगुळीत ठेवू नकोस

भावा, पॅटन रणगाड्याचं १:१६ मापाचं (खऱ्याच्या सोळाव्या हिश्शाचं) मॉडेल करायला घेतोयस, तर आधी कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एखाद्या फाउंड्रीत कच्चं कास्टिंग हात फिरवून बघ. पॅटनचा टरेट, म्हणजे तोफेचा वरचा फिरता घुमट, ओतीव पोलादाचा, त्यामुळे खरखरीत. गुळगुळीत ठेवलास की खेळणं वाटतं. पुट्टी थिनरने सैल कर, राठ ब्रशने टोचत लाव आणि पूर्ण वाळल्यावर पॉलिश पेपर अगदी हलका फिरव.

हँडल पितळी तारेचेच कर. खऱ्या रणगाड्यावर १६ मिलिमीटरची सळई असेल तर इथं १ मिलिमीटरची. जाड तार लावलीस तर रंग कितीही भारी असू दे, डोळ्याला खटकणारच.

आपल्याकडच्या पावसाळ्यात लॅकर रंग नकोच, ओलीनं पांढरट पडतो. उघडीप बघून प्रायमर मार, मग ऑलिव्ह ड्रॅबचे (लष्करी मळकट हिरव्या रंगाचे) पातळ थर दे.