वाचकांचे प्रश्न : घरच्या डीजेइंगसाठी टर्नटेबल मधल्या किमतीचे की भारी?

प्रश्न : कंट्रोलरवर (लॅपटॉपला जोडायच्या डीजे यंत्रावर) वर्षभर हात बसवला, आता रेकॉर्डवर मिक्स करायला, म्हणजे ठोका जुळवून एका गाण्यातून दुसऱ्यात जायला, शिकायचे आहे. खोली दहा बाय बारा, चाळ जुनी, जमीन लाकडी. ऑडिओ-टेक्निका एलपी-१२०एक्स टर्नटेबलांची जोडी आत्ताच घ्यावी, की पैसे साठवून टेक्निक्स एसएल-१२०० एमके७ घ्यावे? की सध्या एकच टेक्निक्स घेऊन दुसरे कुठलेतरी स्वस्तातले जोडावे? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : तिसरा विचार आधी सोडून द्या. एक भारी आणि एक साधे घेतले की रेकॉर्ड किती जोरात ढकलायची, किती वेळ धरायची, याची सवय डाव्या हाताला एक लागते आणि उजव्याला दुसरी. जोडी एकाच मॉडेलचीच हवी.

आता मोटर. तुम्ही विचारलेली दोन्ही टर्नटेबले डायरेक्ट ड्राइव्ह आहेत, म्हणजे मोटर आणि तबकडीच्या मधे पट्टा नाही. फरक टॉर्कचा, म्हणजे मोटरच्या फिरवण्याच्या ताकदीचा. सुरुवातीचा टॉर्क एलपी-१२०एक्सचा १ किलोग्रॅम-सेंटिमीटरच्या जरा वर, पायोनियर पीएलएक्स-५००चा १.६, एमके७चा १.८ आणि पीएलएक्स-१०००चा तर ४.५. टॉर्क कमी असला की हेडफोनमध्ये पहिला ठोका शोधताना तुम्ही रेकॉर्ड धरून ठेवता तेव्हा खालचा प्लॅटरही (फिरणारी तबकडी) मंदावतो. मग हात सोडल्यावर गाणे रेंगाळत सुरू होते आणि ठोका चुकतो. यावर घरगुती उपाय आहे : रेकॉर्डच्या प्लास्टिकचे अस्तर असलेल्या आतल्या पाकिटातून २९ सेंटिमीटरची गोल चकती कापा, मध्ये भोक पाडा आणि स्लिपमॅटखाली (रेकॉर्डखालच्या घसरत्या कापडी चकतीखाली) ठेवा. घर्षण बरेच कमी होते. नुसत्या मिक्सिंगला एवढे पुरते. स्क्रॅचिंग (रेकॉर्ड हाताने मागेपुढे करून आवाज काढणे) करायचे असेल तर मात्र पुरत नाही, तिथे टॉर्कवरच पैसे घाला.

मिक्सिंगमध्ये खरी कसोटी पिच फेडरची, म्हणजे वेग कमीजास्त करणाऱ्या सरकत्या बटणाची. दोन गाण्यांच्या वेगात ०.१ टक्का फरक राहिला तर मिनिटाला ६० मिलिसेकंदांनी ती एकमेकांपासून सरकतात. अर्ध्या मिनिटात दोन ढोल एकामागून एक वाजल्यासारखे ऐकू येतात. फेडर १० सेंटिमीटरचा आणि पल्ला अधिक-उणे ८ टक्के असेल, तर एका मिलिमीटरला ०.१६ टक्का पडतो. म्हणजे अर्धा मिलिमीटर हलवण्याइतके बोट हलके हवे. पल्ला १६ टक्क्यांवर ठेवला की हे दुप्पट अवघड, म्हणून शिकताना तो ८ वरच राहू द्या. दुकानात फेडर शून्याच्या दोन्ही बाजूंनी अगदी सावकाश सरकवा. शून्याजवळ वेग बदलतच नाही असा पट्टा सापडला, किंवा स्ट्रोबचे (वेग दाखवणाऱ्या दिव्यात दिसणारे प्लॅटरच्या कडेचे) ठिपके स्थिर दिसण्याऐवजी थरथरले, तर ते यंत्र तिथेच ठेवा.

माहितीपत्रकातल्या ‘वॉव अँड फ्लटर’च्या आकड्यांनी (एमके७चा ०.०२५ टक्के, एलपी-१२०एक्सचा ०.२ च्या आत) घाबरू नका. ती फेऱ्यागणिक होणारी बारीक डुलकी आहे. पियानोचा लांबवलेला स्वर ऐकताना ती कानाला कळू शकते, पण सरासरी वेग आतला क्वार्ट्‌झ स्फटिक धरून ठेवतो, त्यामुळे मिक्स सुटत नाही.

आमचे मत स्पष्ट आहे : तुमच्या गरजेला पीएलएक्स-५०० किंवा त्या ताकदीची जोडी घ्या आणि उरलेले पैसे सुई, मिक्सर आणि टर्नटेबलांखालच्या बैठकीवर खर्च करा. एमके७ घ्यायचे कारण एकच, ते म्हणजे पुढे बाहेर वाजवायचे पक्के असणे. १९७९च्या एसएल-१२०० एमके२ने बटणे आणि फेडरची जी मांडणी रूढ केली, तीच आजही जगभर चालते. त्यावर बसलेला हात कुठेही कामाला येतो आणि पंधरा-वीस वर्षांनीही सुटे भाग मिळण्याची आशा राहते.

एलपी-१२०एक्सच घेतलेत तर सोबतची व्हीएम९५ई सुई ऐकण्यासाठी ठेवा. ती २ ग्रॅमवर चालते आणि रेकॉर्ड मागेपुढे केली की खाच सोडते. डीजेसाठीच्या गोल टोकाच्या सुया ३ ते ४ ग्रॅमवर लावतात. लावताना अँटी-स्केट (सुई आत ओढली जाऊ नये म्हणूनची बाजूची कळ) शून्यावर ठेवा, मागचे वजन फिरवून टोनआर्म (सुईचा दांडा) आडवा तरंगू द्या, नुसती आकड्यांची कडी शून्यावर आणा आणि मग कडीसकट वजन ३ वर न्या. कडी शून्यावर आणायची पायरी बऱ्याच जणांकडून राहते. मग आकडा ३ दिसतो, पण भार भलताच असतो.

लाकडी जमिनीवर कोणी चालले तरी सुई उडेल. टेबल भिंतीला पक्के करा. प्रत्येक टर्नटेबलाखाली पावणेदोन बाय दीड फुटाची शहाबादी फरशी ठेवा आणि फरशीखाली वॉशिंग मशीनच्या पायांखाली लावतात ते जाड रबर. स्पीकर त्या टेबलावर अजिबात नकोत, खर्जाचा आवाज सुईतून परत शिरून घुमतो.

प्रश्न : जपानहून आलेली टेक्निक्स एसएल-१२०० एमके३ची जुनी जोडी मिळते आहे. घ्यावी का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी मागची पट्टी वाचा. जपानी बाजारातले यंत्र १०० व्होल्टचे असते, आपल्या २३० व्होल्टला थेट जोडले की आतला ट्रान्सफॉर्मर जळतो. २३० चे १०० करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लॅमिंग्टन रोडवर मागा. ११० व्होल्टचा देऊ केला तर नको म्हणा. या टर्नटेबलांना वीस वॉटही लागत नाहीत, त्यामुळे दोघांत मिळून १०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा एक बास. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची असल्याने वेग चुकेल ही भीती नको, तो क्वार्ट्‌झवर ठरतो.

मग टोनआर्मचे टोक दोन बोटांत हलके धरून डावीकडे-उजवीकडे हलवा. बेअरिंगमध्ये खट्‌कन ढिलेपणा जाणवला तर सौदा सोडा, ती दुरुस्ती महाग पडते. फेडरची खरखर किंवा तुटलेली आरसीए वायर (मिक्सरला जोडायची आवाजाची वायर) ही किरकोळ कामे आहेत, त्यासाठी भाव पाडून घ्या.

प्रश्न : आवाज बारीक आणि पत्र्यासारखा येतो, शिवाय सतत ‘घूंऽऽ’ चालू असते. – एक वाचक, बोरिवली

उत्तर : दोन वेगळे दोष आहेत. सुईतून जेमतेम काही मिलिव्होल्ट निघतात. ते मिक्सरच्या लाइन इनपुटला गेले की असाच पातळ आवाज येतो, तेव्हा इनपुट फोनोवर (टर्नटेबलासाठीच्या, आवाज वाढवणाऱ्या इनपुटवर) करा. टर्नटेबलाच्या मागे फोनो-लाइन बटण असेल तर तेही फोनोवरच हवे. ते लाइनवर आणि मिक्सर फोनोवर, असे झाले तर आवाज फाटतो. ‘घूं’साठी टर्नटेबलाची बारीक अर्थ वायर मिक्सरच्या जीएनडी (ग्राउंड) स्क्रूला घट्ट आवळा. तरीही राहिले तर टर्नटेबल, मिक्सर, स्पीकर सगळे एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या आणि त्या सॉकेटला अर्थिंग खरोखर आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या इमारतींत तिसरे भोक पुष्कळदा नावापुरतेच असते.