एका पेटीत एकच साप

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं. 4 फुटी पेटी एक, बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतले लहान अजगर, दोन. थोरला 900 ग्रॅमचा, धाकटा 350 चा. थोरला वेळेवर खातो, धाकटा 3 आठवडे उंदराला तोंड लावत नाही, आणि तू विचारतोस की दोघांना दोन कोपऱ्यांत एकाच वेळी खायला दिलं तर चालेल का. नाही चालणार. एका पेटीत एकच साप. दुसरी पेटी येईपर्यंत निदान खाण्याच्या वेळी तरी एका जागी एकच साप.

'दोघं बिलगून बसतात, त्यांना सोबत आवडते' असं तू लिहिलंयस. अरे, पेटीत 32 अंशांची उबदार जागा एकच आणि लपायला आडोसाही तिथेच, तर दोघं जाणार कुठे? थोरला वर, धाकटा त्याच्याखाली दबलेला. धाकट्याच्या उपाशी राहण्याचं कारण मला आधी इथेच दिसतं. शिवाय पेटीत उलटी सापडली तर ती कोणाची, पातळ विष्ठा कोणाची, हे तू कसं ओळखणार?

आता वासाचं बघ. पायथनच्या ओठांवर बारीक खळगे असतात, त्यांनी त्याला समोरच्या अंगाची ऊब कळते. उंदराचा वास सुटला की मान नागमोडी आखडते, जीभ भराभर आत-बाहेर होते, आणि मग जे ऊबदार हलेल त्यावर झडप पडते. उंदीर गिळून झाला तरी वास तोंडाला, अंगाला आणि खालच्या भुशाला राहतो. त्या वासात धाकटा सरपटत समोर आला तर थोरल्याच्या लेखी तो खाणंच. एकच उंदीर दोघांनी दोन टोकांनी धरला तर त्याहून वाईट. दात आत वळलेले, त्यामुळे तोंडात आलेलं सहज सुटत नाही. जबडे पुढे सरकत राहतात, आणि थोरला उंदराबरोबर धाकट्याचं डोकंही गिळायला लागतो. तसं झालंच तर ओढू नकोस, दात मोडतील, जबडा फाटेल. कात्रीनं उंदीर मधोमध काप. एकानं दुसऱ्यालाच धरलं असेल तर धरणाऱ्याच्या तोंडावर गार पाण्याची बारीक धार सोड.

दुसरी पेटी येईपर्यंत असं कर. उंदीर फ्रीजमधून काढण्याआधी धाकट्याला बाहेर काढ. वास सुटल्यावर पेटीत हात घालायचा नाही. त्याला कड्या लागणाऱ्या झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेव. भोकं सोल्डरिंगच्या गरम टोकानं पाड आणि आतल्या कडा पॉलिश पेपरनं घास, नाहीतर नाकाड सोलवटतं. आत कागद, पाण्याची वाटी आणि लपायला उलटं ठेवलेलं लहान कुंडं. डब्याच्या एका बाजूखाली थर्मोस्टॅट लावलेला हीटिंग पॅड. थोरल्याला पेटीतच खायला दे, धाकट्याला त्या डब्यात. आणि खाल्ल्यावर धाकट्याला लगेच उचलून पेटीत टाकायची घाई नको. भरल्या पोटी हाताळलं की साप ओकतो. 48 तास तो तिथेच राहील. तेवढ्यात थोरल्याच्या पेटीतला वासाचा भुसा काढून टाक.

ही यातायात दर वेळी करण्यापेक्षा तो डबाच धाकट्याचं घर झाला तर? मला तेच हवंय. या बाबतीत मला हेकट म्हणतात. 'आमचे वर्षभर एकत्र आहेत, काही झालं नाही,' असं तुलाही ऐकवतील. ज्या दिवशी होतं त्या दिवशी एक साप जातो, आणि उरलेलाही आपल्याएवढं काही गिळायच्या नादात जाऊ शकतो. दुसऱ्या पेटीचा खर्च वाचवण्यासाठी ही जोखीम घेणं मला कधीच पटलेलं नाही, पटणारही नाही. एका पेटीत एकच साप.

उंदीर किती मोठा? धाकट्याला वजनाच्या 10 टक्के, म्हणजे 35 ग्रॅमच्या आसपास, 7 ते 10 दिवसांनी. थोरल्याला 50 ते 60 ग्रॅम, दोन आठवड्यांनी. सापाच्या सर्वात जाड भागाहून उंदीर जाड नको. आदल्या रात्री गोठवलेला उंदीर पिशवीसकट फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेव, दुसऱ्या दिवशी पिशवीसकटच 40 अंशांच्या पाण्यात 15-20 मिनिटं. पोट दाबून बघ, आत बर्फाचा खडा लागता कामा नये. उकळतं पाणी नको, मायक्रोवेव्ह तर नकोच, पोट फुटतं. पुसून कोरडा कर आणि फूटभर लांब चिमट्यानं दे. जिवंत उंदीर देऊ नकोस, तो सापाला कुरतडतो. माडाच्या बागेतला, वळचणीचा उंदीरही नको. त्यानं कुठे विष खाल्लंय ते तुला कळणार नाही.

आपल्याकडे पावसात लाईट तासन्‌तास जाते. फ्रीझरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेव, आणि एकदा मऊ पडलेले उंदीर पुन्हा गोठवू नकोस, पुरून टाक. काथ्याचा भुसा जून ते सप्टेंबर ओला राहतो, पोटाचे खवले सडतात. त्या दिवसांत पेटीत पाणी फवारू नकोस, खाण्यापुरती खाली एक फरशी ठेव.

दोघांची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर केलीयस ना? बॉल पायथन सायटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, 2024 च्या नियमांनुसार ती लागते, आणि साप मेला तर तेही कळवावं लागतं. शेजारच्यानं दिवड किंवा धामण आणून दिली तर घरात घेऊ नकोस, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ती पाळता येत नाही.

धाकट्याला वेगळा केल्यावर आठवडाभर हात लावू नकोस, उंदीरही दाखवू नकोस. मग संध्याकाळी, दिवे मंद करून, एकदा दे. डोळे दुधाळ झाले असतील तर कात पडेपर्यंत थांब. नाही घेतला तर पुन्हा आठवड्यानं. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर नको, वेगळ्या काट्यावर वजन करून लिहून ठेव. 350 चा 315 वर आला तर वाट बघत बसू नकोस, सापांचं जाणणाऱ्या पशुवैद्याला दाखव आणि वजनाची वही बरोबर ने.

तुझा,
काका