घरच्या बिअरसाठी बाटली निवडताना: वाचकांचे प्रश्न

बाटल्यांबद्दल परदेशातल्या मराठी वाचकांचे बरेच प्रश्न साठले होते. स्वतःपुरती बिअर घरी करायची मुभा ब्रिटनमध्ये १९६३ पासून आणि अमेरिकेत १९७८च्या केंद्रीय कायद्याने मिळाली; विकायची मात्र नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हाच आहे. पुण्याहून आलेला शेवटचा प्रश्न म्हणूनच वेगळ्या पेयाचा आहे.

प्रश्न : पार्टीनंतर बिअरच्या रिकाम्या बाटल्या उरल्यात. त्याच वापरल्या तर चालतील? (न्यू जर्सी)

बेलाशक वापरा. फक्त ओपनरने उघडाव्या लागतात त्याच ठेवा. हाताने फिरवून उघडायच्या बाटल्यांच्या तोंडाला आटे असतात. त्यावर घरच्या कॅपरने मारलेलं बूच नीट बसेलच असं नाही आणि गॅस हळूहळू निघून जातो. बहुतेक बाटल्यांना २६ मिलिमीटरचं बूच लागतं. शॅम्पेनच्या आणि काही बेल्जियन बाटल्यांना २९चं, म्हणजे कॅपरचा साचाही बदलावा लागतो.

प्रत्येक बाटलीच्या तोंडावरून नख फिरवा. नख अडलं तर तिथे टवका उडालाय. मग बाटली दिव्यासमोर धरून तळ आणि खांदा बघा. केसाएवढा तडा दिसला तरी ती बाटली बाद. १९ लिटरच्या घाण्याला ३५५ मिलिलिटरच्या साधारण ५३ बाटल्या लागतात, चार-सहा जास्तीच्या धुऊन ठेवा.

प्रश्न : भरून ठेवलेल्या दोन बाटल्या कपाटात फुटल्या. काच कमजोर होती का? (लंडन)

आधी उरलेल्या बाटल्यांचं बघा. डोळ्यांना गॉगल, हातात जाड मोजे, बाटल्यांवर जाड टॉवेल आणि मग अलगद फ्रिजमध्ये. गार झाल्यावर दाब उतरतो, तेव्हा एकेक उघडा. कृपा करून यात हयगय करू नका, काचेचे तुकडे लांबवर उडतात.

आता कारण. उघडल्यावर सगळ्याच बाटल्या उसळल्या, तर आंबणं पुरं व्हायच्या आत तुम्ही भरलंत. बुडबुडे थांबले एवढ्यावर विसंबू नका. हायड्रोमीटरचा, म्हणजे द्रवाची घनता मोजणाऱ्या नळीचा, आकडा दोन-तीन दिवसांच्या अंतराने तोच यायला हवा. हिशेब असा : बिअरच्या आकारमानाइतका गॅस तिच्यात विरघळला की तो एक व्हॉल्यूम. एल प्रकारच्या साध्या बिअरला अडीचच्या आसपास पुरतो आणि नेहमीच्या बाटलीत तीनच्या पुढे जाऊ नये. १.०१० वर थांबणारी बिअर १.०१४ वर असताना भरली, तर त्या चार अंकांतूनच जवळजवळ दोन व्हॉल्यूम वाढतात. वर बाटलीत गॅस यावा म्हणून भरताना घातलेली तुमची साखर आहेच.

बाकीच्या ठीक निघाल्या तर त्या दोन बाटल्यांतच खोट होती : तडा, तळाशी वाळलेला जुना गाळ किंवा साखर जास्त. बाटलीगणिक चमच्याने साखर घालायची पद्धत मला अजिबात मान्य नाही. २० लिटरला १२० ग्रॅम साखर थोड्या पाण्यात उकळा, सगळ्या बिअरमध्ये हलक्या हाताने मिसळा आणि मग भरा. वर अडीच सेंटिमीटर जागा सोडा. गव्हाच्या बिअरला साडेतीन-चार व्हॉल्यूम हवे असतील, तर जाड बेल्जियन बाटल्याच घ्या. वाइनच्या साध्या बाटल्या, लोणच्याच्या बरण्या, शोभेच्या चौकोनी बाटल्या दाबासाठी बनवलेल्याच नसतात.

प्रश्न : पारदर्शक बाटलीत रंग सुंदर दिसतो. तपकिरीच हवी का? (सिॲटल)

हो. उजेडातला निळा आणि अतिनील भाग हॉप्समधल्या, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधल्या, कडू द्रव्यांना तोडतो आणि त्यातून गंधकाचं एक संयुग तयार होतं. त्याचा कणभर अंशही नाकाला कळतो. तुमच्याकडे रस्त्यात स्कंक (घाणेरडा वास सोडणारा प्राणी) मेला की येतो तोच वास! थेट उन्हात हे काही मिनिटांत घडू शकतं. तपकिरी काच त्यातला बराचसा उजेड अडवते, हिरवी फार थोडा. बाटल्या कायम बंद खोक्यात राहणार असतील तर पारदर्शकही चालेल, पण मग रंग बघणार कोण? तो ग्लासात बघा.

प्रश्न : तारेच्या खटक्याच्या बाटल्या महाग आहेत. घ्याव्यात का? (म्युनिक)

जरूर घ्या, कॅपरचा खर्च वाचतो. रबरी वायसर कडक झाला किंवा चिरला की लगेच बदला, आणि धुताना काढून धुवा, त्याखाली घाण साचते. नाजूक घडणीच्या शोभेच्या बाटल्या मात्र नकोत.

प्रश्न : घरी आल्याचं जिंजर एल करतो. काचेच्या बाटल्या घेऊ का? (पुणे)

नको. बिअरमधली साखर आंबून संपलेली असते, वरून घातलेली तेवढी मोजकी उरते. जिंजर एलमध्ये बहुतेक सगळी साखर शिल्लक असते, त्यामुळे गारव्याशिवाय गॅसला आवर घालणारं काही नसतं. उन्हाळ्यात तर एका दिवसातही बाटली टम्म होते. सोड्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या रिकाम्या प्लॅस्टिक बाटल्या घ्या, पाण्याच्या पातळ बाटल्या नकोत. भरल्यावर सकाळ-संध्याकाळ दाबून बघा. बोटाने दबेनाशी झाली की लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्याभरात संपवा. बाहेर जास्त दिवस राहिलं तर त्यातही अल्कोहोल वाढत जातं, त्यामुळे मुलांना देणार असाल तर वेळेवर गार कराच. उघडताना झाकण थोडंसंच सैल करा, फेस वर आला की पुन्हा आवळा. दोन-तीनदा असं केलं की ओट्यावर सांडत नाही.